गाईड कॅप्टन व्हायचंय? ठाणे-नवी मुंबईतून सारखे येणारे प्रश्न

गेली सव्वीस वर्षं मी गाईड पथक, म्हणजे स्काउट चळवळीतलं मुलींचं पथक, चालवते आहे, आता ठाण्यातल्या एका मराठी शाळेत. वर्गात गणित-विज्ञान शिकवते, शनिवारी मैदानावर असते. जून उजाडला की प्रश्न सुरू होतात. नव्याने नेमलेल्या शिक्षिका फोन करतात, पालक शाळेच्या फाटकाशी गाठतात, जुन्या मुली तलावपाळीवर भेटल्या की आता लेकींसाठी विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एक उत्तर दुसऱ्यात शिरतं तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गाईड कॅप्टन म्हणजे पीटीच्याच बाई ना?

नाही. पीटीचा तास सगळ्या वर्गाचा असतो. गाईड पथकात मुली आपणहून येतात, प्रतिज्ञा घेतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. पथकात सहा ते आठ मुलींचे छोटे संघ असतात आणि त्यांना फुलांची नावं असतात. आमच्याकडे मोगरा, जास्वंद, सोनचाफा आणि कमळ आहेत. प्रत्येक संघाची एक संघनायिका. या सगळ्यांची मोठी ताई म्हणजे कॅप्टन. ती कुठल्याही विषयाची असू शकते. मला भेटलेल्या उत्तम कॅप्टनांपैकी एक चित्रकलेच्या बाई होत्या आणि एक शाळेच्या ग्रंथपाल. मुली मला वर्गात ‘बाई’ म्हणतात, मैदानावर ‘कॅप्टन’. मला दुसरं जास्त आवडतं.

२. मुलगी तिसरीत आहे. तिला आत्ताच गाईड करता येईल का?

तिसरीत ती बुलबुल होईल. साधारण १० वर्षांपर्यंतच्या मुली बुलबुल, त्यापुढे सतरा-अठरापर्यंत गाईड आणि कॉलेजच्या वयात, पंचविशीपर्यंत, रेंजर. अगदी बालवाडीच्या मुलांसाठी बनी हा विभागही आहे. बुलबुलच्या बाईंना फ्लॉक लीडर म्हणतात. लहान मुलींना थेट गाईडच्या कामाला जुंपू नका. त्यांचं शिक्षण खेळ, गाणी आणि गोष्टींतून चालतं, आणि कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख, हीरक पंख अशी त्यांची स्वतःची चढती वाट आहे.

३. ही तर इंग्रजांची चळवळ. आपल्याकडे का आणि कशी आली?

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली हे खरंच. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउट मुलांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली न बोलावता तिथे गेल्या आणि आम्हालाही हे हवं म्हणाल्या. पुढच्याच वर्षी स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या बहिणीने, अॅग्नेस यांनी, मुलींच्या संघटनेची सूत्रं हाती घेतली. मुलींनी मागितलं म्हणून गाईडिंग जन्माला आलं, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या पथकाला पहिल्याच महिन्यात सांगते. भारतात १९११ मध्ये जबलपूरला पहिलं पथक निघालं. ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या वेगवेगळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संघटना झाली. मुलींची संघटना त्यात १५ ऑगस्ट १९५१ ला सामील झाली. तेव्हापासूनचं पाऊण शतक आपलंच आहे. लक्ष्मी मजुमदार यांनी राष्ट्रीय आयुक्त म्हणून अनेक वर्षं संघटनेची धुरा वाहिली. दिल्लीतल्या राष्ट्रीय मुख्यालयाला त्यांचंच नाव आहे.

४. कॅप्टन होण्यासाठी कोणतं प्रशिक्षण लागतं?

आधी एक छोटी ओळख, मग बेसिक, मग अॅडव्हान्स्ड आणि शेवटी हिमालय वूड बॅज. बेसिकपासून पुढची शिबिरं निवासी असतात आणि प्रत्येकात आठवडाभर तरी घर सोडावं लागतं. मधल्या काळात पथकात प्रत्यक्ष काम केल्याशिवाय पुढच्या पायरीवर घेत नाहीत. हिमालय वूड बॅज पूर्ण झाला की गळ्यात चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी येतात. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे.

बेसिकला गेले तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि तिसऱ्या रात्री तंबूत रडले होते. माझा मुलगा दोन वर्षांचा होता. शेजारच्या तंबूतल्या एक वयस्क बाई आल्या. न बोलता माझी सैल झालेली तंबूची दोरी त्यांनी ताणून दिली, मग माझ्याकडून दोनदा सोडवून बांधून घेतली. सातव्या दिवशी परतले तेव्हा मुलगा माझ्याकडे येईना, आजीलाच धरून बसला. हेही आधीच माहीत असावं म्हणून लिहिलं.

५. मानधन किती मिळतं?

काही नाही. हे काम स्वेच्छेचं आहे. प्रशिक्षणाला आणि मेळाव्यांना शाळेकडून कर्तव्यरजा मिळते, प्रवासखर्च कधी मिळतो, कधी आपलाच जातो. दोऱ्या, प्रथमोपचाराचं सामान, बसला पैसे नसलेल्या एखाद्या मुलीचं तिकीट हे सगळं हळूहळू आपल्या पर्समधून सुटतं. मी त्याचा हिशेब ठेवते आणि तुम्हीही ठेवा. ते पैसे शाळेकडे मागण्यात लाज कसली?

६. आठवडा कसा जातो? किती वेळ काढावा लागतो?

शनिवारी सकाळची शाळा सुटली की दीड तास सभा. मुली घोड्याच्या नालेच्या आकारात उभ्या राहतात, ध्वज चढतो, प्रार्थना होते, संघनायिका आपापल्या संघाचे गणवेश आणि नखं तपासतात. मग खेळ, एखादं कौशल्य आणि शेवटी संघसभा. पावसाळ्यात आमच्या मैदानाचं तळं होतं, तेव्हा सगळं व्हरांड्यात. व्हरांड्यातले ते तीन महिने गाठींचे. उजवं डाव्यावरून, डावं उजव्यावरून केलं की रीफ नॉट सपाट बसते, म्हणून ती झोळी किंवा बँडेज बांधायला घेतात. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर दिसायला तशीच, पण निसटणारी गाठ होते. तो फरक डोळ्यांना लवकर कळत नाही, बोटांना कळतो. त्यासाठी पन्नास वेळा बांधावी लागते. मुली गप्पा मारत बांधतात, मी ऐकत बसते. घरी काय चाललंय, कोणाच्या बाबांची नोकरी गेली, कोणाला रस्त्यात कोण त्रास देतंय, हे सगळं मला गाठींच्या तासाला कळलेलं आहे.

याशिवाय आठवड्यात तीनेक तास नोंदवह्या, फोन आणि परवानग्यांत जातात. शिबिराच्या महिन्यात मोजू नका.

७. सगळं मुलीच करतात म्हणता. मग कॅप्टन काय करते?

हात मागे बांधून उभी राहते. या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे आणि तो शिकायला मला तीन वर्षं लागली.

माझं पहिलं शिबिर शहापूर तालुक्यात एका आश्रमशाळेच्या आवारात होतं. ठाण्याहून लोकलने आसनगाव, तिथून पुढे जीप. समोर माहुलीचे सुळके. मी इतकी धावपळ केली की घसाच बसला. मुलींना त्रास नको म्हणून तंबू मीच ताणले, चूल पेटेना तेव्हा मीच फुंकली, आमटीत मीठ मीच घातलं. परत आल्यावर जास्वंद संघाची शिबिरवही तपासायला घेतली. सातवीतल्या मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘बाईंनी तंबू बांधला. बाईंनी आमटी केली. बाईंनी शेकोटी पेटवली. आम्हाला खूप मजा आली.’ त्या वहीवर मी सही केली आणि ती माझ्याकडेच ठेवून घेतली. अजून आहे.

आता उदाहरण उलट बाजूचं. ध्वज चढवताना तो घडी करून, दोरीत अडकवून वर नेतात आणि खालून झटका दिला की उलगडतो. एका ७ नोव्हेंबरला, स्थापना दिनाला, सगळी शाळा समोर उभी असताना आमच्या संघनायिकेने झटका दिला आणि ध्वज उलगडेना. दुसरा झटका. तिसरा. मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले. माझे पाय पुढे जायला निघाले होते, ते मी रोखले. मुलीने शांतपणे ध्वज पूर्ण खाली घेतला, गुडघ्यावर बसून घडी सोडवली, नव्याने घातली आणि पुन्हा चढवला. चार मिनिटं लागली. या वेळी निळ्या कापडावरचं पिवळं चिन्ह एका झटक्यात उलगडलं. त्या चार मिनिटांत मी काहीच केलं नाही, आणि मला विचाराल तर सव्वीस वर्षांतलं माझं ते सगळ्यात चांगलं काम आहे.

कॅप्टनला प्रत्यक्ष मध्ये पडावंच लागतं ते सुरक्षिततेसाठी. ते प्रश्न ९ मध्ये.

८. ‘खरी कमाई’ म्हणजे मुलींकडून पैसे गोळा करून घेणं नव्हे का? मला पटत नाही.

तुम्ही म्हणता तसं ते असेल तर मलाही पटणार नाही. खरी कमाईत मुली स्वतः काही बनवतात किंवा काम करतात आणि त्याचे पैसे मिळवतात. पालकांकडून पन्नास रुपये आणून डब्यात टाकणं ही खरी कमाई नाही, आणि काही ठिकाणी तसं चालतं हे मी पाहिलं आहे.

आमच्या मोगरा संघाने एकदा भेळेची गाडी लावली. कुरमुरे, शेव, चटणीचा हिशेब बरोबर होता, पण लिंबू, कोथिंबीर आणि कागदी द्रोण धरलेच नव्हते. संध्याकाळी गल्ल्यात बाराशे रुपये आणि नफा साठ. दोघी रडवेल्या झाल्या. पुढच्या वर्षी त्याच मुलींनी द्रोणाऐवजी ‘घरून वाटी आणा, दोन रुपये कमी’ अशी पाटी लावली. ती कल्पना माझी नव्हती. नफ्याचं काय करायचं हेही पथकाची सभा ठरवते. त्या वर्षी प्रथमोपचाराची नवी पेटी आली.

९. मुलीला शिबिराला पाठवायची भीती वाटते. कोण असतं तिथे?

भीती रास्त आहे, आणि ‘काही होत नाही हो’ म्हणून वाटेला लावणाऱ्या कॅप्टनकडे मुलीला पाठवू नका. मुलींच्या शिबिरात रात्री मुलींसोबत महिला कॅप्टनच राहतात आणि त्या एकीपेक्षा जास्त असल्या पाहिजेत. पालकांचं लेखी संमतिपत्र, मुलीच्या औषधांची आणि अॅलर्जीची नोंद, जवळचं आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे याची माहिती हे आधी मागा. मी जागा स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय शिबिर ठरवत नाही. शौचालयाला आतून कडी आहे का, विहिरीला कठडा आहे का, दिवा कुठपर्यंत पोचतो, हे रात्री उभं राहून बघते.

पथकात आमचा एक पक्का रिवाज आहे. कुठलाही मोठा माणूस, मग मी असो की पाहुणे प्रशिक्षक, एकट्या मुलीला बंद दाराआड भेटत नाही. आणि प्रत्येक मुलीला १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ असतो. तो ती आमच्याविरुद्धही वापरू शकते, हे मी त्यांना सांगून ठेवते.

पहिल्या वेळी तीन दिवस जड वाटत असतील तर येऊरच्या एक दिवसाच्या सहलीपासून सुरुवात करा. पहाटे जाऊन दुपारी परत. झाडं ओळखणं, खुणांवरून माग काढणं, गटाने चालणं एवढ्यातही मुलगी किती तयार आहे ते तिला आणि तुम्हाला कळतं.

१०. शिबिरात पाळी आली तर?

आली तर आली. प्रथमोपचाराच्या पेटीत पॅड असतात, पेटी संघनायिकेकडे असते, मागायला माझ्यापर्यंत यावं लागत नाही. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून टाकायची जागा पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवली जाते. पोट दुखत असेल तर ती मुलगी बसून करायचं काम घेते. स्वयंपाक, ध्वज, प्रार्थना यातून कोणालाही बाजूला बसवलं जात नाही. एका आजींनी मला यावरून बरंच सुनावलं होतं. मी त्यांचं ऐकून घेतलं आणि रिवाज बदलला नाही.

११. आम्ही खारघरला राहतो. ठाणे जिल्ह्याच्या कार्यालयात नोंदणी होईल का?

नोंदणी शाळा ज्या जिल्ह्यात असेल त्या जिल्ह्याकडे होते. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. २०१४ पासून पालघर वेगळा जिल्हा आहे, त्यामुळे वसई-विरारच्या शाळांनीही जुन्या सवयीने ठाण्याकडे यायला नको. विचारायचं असेल तर जिल्हा संघटक (गाईड) यांना विचारा.

दोन अपवाद आहेत. मध्य रेल्वेची भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये स्वतःची राज्यदर्जाची शाखा आहे, आणि केंद्रीय विद्यालयांचीही. तिथल्या मुलींची नोंद त्या शाखांकडे होते, राहता जिल्हा कोणता का असेना.

१२. आम्ही देव मानत नाही. प्रतिज्ञेत ईश्वराचं नाव आहे, मुलीने काय म्हणावं?

‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा संघटनेच्या नियमांतच आहे. हा धर्म म्हणजे कर्तव्य, सदाचरण या अर्थाने. माझ्या पथकात दोन्ही शब्द म्हणणाऱ्या मुली शेजारी उभ्या राहिल्या आहेत. प्रतिज्ञेआधी मी प्रत्येकीशी दहा मिनिटं स्वतंत्र बोलते, अर्थात उघड्या व्हरांड्यात. प्रतिज्ञेचा आणि नऊ नियमांचा अर्थ तिच्या शब्दांत विचारते. एका मुलीने ‘काटकसरी असते’ या नियमाचा अर्थ सांगितला होता, ‘पाणी भरताना शेजारच्यांसाठी नळ लवकर सोडायचा.’ ती कळव्याच्या चाळीतली होती. पाठांतर कच्चं होतं, तरी तिची प्रतिज्ञा त्याच आठवड्यात झाली.

१३. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार यांचा पुढे उपयोग काय? गुण मिळतात का?

प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार अशी वाट आहे. मध्ये ठरावीक महिने जावेच लागतात. त्यामुळे नववीत नाव घालून दहावीला राष्ट्रपती पुरस्कार होणार नाही. मला दरवर्षी दोन-तीन पालकांना हे सांगावं लागतं. दहावीच्या सवलतीच्या गुणांचे नियम शासन वेळोवेळी बदलतं, त्या वर्षीचा निर्णय शाळेत विचारा. रेल्वेच्या नोकरभरतीत स्काउट-गाईडसाठी वेगळा कोटा असतो, त्याची जाहिरात स्वतंत्र निघते.

आणि प्रमाणपत्र कोणाचं आहे ते नीट बघा. स्काउट-गाईड हे नाव लावणाऱ्या आणखी संघटना आहेत. जागतिक गाईड संघटनेचं भारतातलं सदस्यत्व भारत स्काउट्स आणि गाईड्सकडे आहे.

१४. पुण्यात गाईडचं जागतिक केंद्र आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे. आळंदी रस्त्यावर ‘संगम’ आहे. १९६६ मध्ये बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ओलेव्ह यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. स्वित्झर्लंड, मेक्सिको आणि लंडनलाही अशी केंद्रं आहेत. आपल्यापासून काही तासांवर हे असताना एकदा तरी मुलींना घेऊन जा, आधी परवानगी घेऊन. आमच्या मुलींनी तिथे परदेशी मुलींना भाकरी थापायला शिकवली आणि त्यांच्याकडून एक खेळ शिकल्या, तो अजून व्हरांड्यात चालतो. २२ फेब्रुवारीला, म्हणजे बेडन-पॉवेल पतिपत्नी दोघांच्याही वाढदिवशी, जगभर चिंतन दिन असतो. सहलीला तो महिना चांगला.

१५. घर, नोकरी आणि हे, कसं जमतं?

काही वर्षं जमलं नाही. मुलगा दहावीत होता त्या वर्षी मी शिबिर घेतलं नाही, सहायक कॅप्टनने घेतलं. सासूबाई आजारी होत्या तेव्हा सहा महिने फक्त शनिवार सांभाळला. यजमान सुरुवातीला ‘रविवार तरी घरी दे’ म्हणायचे, नंतर शिबिराचे बांबू उचलायला स्वतःच टेम्पो घेऊन यायचे. सगळ्यांच्या घरी असं होईल असं नाही. माझ्या बरोबरीच्या तीन चांगल्या कॅप्टननी घरच्या विरोधामुळे काम सोडलं आणि त्यांचा दोष मी कधीच मानला नाही. एकटीने सुरू करू नका, सोबत दुसरी शिक्षिका हवीच. त्याचं आणखी एक कारण पुढच्या प्रश्नात आहे.

१६. आमच्या कॅप्टन बाईंची बदली झाली आणि पथक बंद पडलं. आता?

अशी एक चूक माझ्या खात्यावर आहे. आधीच्या शाळेत मी सात वर्षं पथक चालवलं, चांगलं चालवलं, आणि माझ्यामागे कोणालाही तयार केलं नाही. मी निघाले त्या वर्षीच ते बंद झालं. तिथल्या एका मुलीचा तृतीय सोपान अर्धवट राहिला. पुढे ती मला राम मारुती रोडवर भेटली, हसून बोलली, पण ते अर्धवट राहिलेलं तिने काढलंच.

तुमच्या बाबतीत, मुलींच्या प्रगतीच्या नोंदी आधी हातात घ्या. त्या पुढच्या पथकात चालतात, झालेल्या पायऱ्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. मग शाळेकडे नव्या शिक्षिकेला बेसिकला पाठवण्याची मागणी करा. शाळा तयारच नसेल तर शाळेबाहेरची खुली पथकंही असतात, त्यांची चौकशी जिल्हा संघटकांकडे होईल.

१७. मी यंदाच कॅप्टन झाले. पहिल्या शनिवारी नेमकं काय करू?

मुली येण्याआधी प्रत्येकीसाठी एकेक दोरी कापून ठेवा, साधारण दोन-अडीच मीटरची. टोकं सुटू नयेत म्हणून दोऱ्याने गुंडाळा. भाषण नको. मुलींना गोलात बसवा, प्रश्न ३ मधली क्रिस्टल पॅलेसची गोष्ट सांगा, एक खेळ घ्या, एक गाठ शिकवा. ज्या मुलीला ती आधी जमेल तिला पुढच्या दोघींना शिकवायला सांगा आणि तुम्ही तिथून उठून जा. संघ पाडायची घाई करू नका, दोन-तीन आठवड्यांत कोण कोणाजवळ बसतं ते दिसतं. संघाचं फूल त्यांनाच निवडू द्या, भांडण झालं तरी. हजेरीची वही आणि पेन निघताना एका मुलीच्या हातात द्या आणि पुढच्या शनिवारी ती मागू नका.